उमाजीचा फोन

लहानू रामटेके बिडी ओढायचा ती मुठीत धरून. जळतं टोक तळहाताच्या आत, धूर बोटांच्या फटींतून. सीमेवरच्या चौकीत पहाऱ्यावर असताना निखारा दिसला तर समोरचा त्यावर नेम धरतो, म्हणून तिथं सगळेच असं ओढत. पुढं हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो नागभीडजवळच्या आपल्या गावी आला, धानाची शेती करू लागला. नेम धरणारं कुणी उरलं नाही, पण मूठ काही उघडली नाही. बायको रुखमा म्हणायची, "चोरी करून राह्यल्यावानी काऊन ओढता जी? साऱ्या गावाले माहीत आहे."

गावाला माहीत होतं ते खोकल्यामुळं. पहाटे लहानू खोकायला लागला की शेजारी उठून चूल पेटवत. त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नसे. पण त्या हिवाळ्यात धानाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना त्याला दोनदा थांबावं लागलं, आणि दुसऱ्यांदा थांबला तेव्हा मागच्या मजूर बाईनं काही न बोलता त्याच्या डोक्यावरचा भारा उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतला. ते मात्र त्याला लागलं. तो चंद्रपूरला माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरनं एका यंत्राच्या नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं. लहानूनं फुंकलं. डॉक्टरनं आकडा पाहिला आणि पुन्हा फुंकायला लावलं, कारण त्याला वाटलं यंत्र बिघडलं असावं. यंत्र ठीक होतं. मग त्यानं लहानूला बाजूच्या खोलीत पाठवलं. तिथं संघप्रिया नावाची मुलगी बसायची. तिचे वडील सुभेदार होते आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. ती माजी सैनिकांचं व्यसन सोडवण्याचं काम करायची, आणि ते सगळं फोनवरून चालायचं. कारण तिची माणसं वरोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत पसरलेली होती आणि दर आठवड्याला चंद्रपूरला कुणी येत नसे.

"काकाजी, ग्रुपमध्ये टाकते तुम्हाले," ती म्हणाली. "रविवारी सगळे व्हिडिओवर भेटतात. अन् रोज एक जोडीदार फोन करते. तोही फौजीच असते."

"अन् गोळी वगैरे?"

"गोळी डॉक्टर देतील. पण गोळी संध्याकाळी गप्पा नाई मारत."

ग्रुपचं नाव होतं 'धूरबंद'. लहानूला ते नाव एखाद्या चुलीच्या जाहिरातीसारखं वाटलं.

पहिल्या रविवारी तो विहाराच्या पायरीवर बसला, कारण गावात व्हिडिओपुरती रेंज तिथंच मिळायची. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं होती. कुणाचं नुसतं कपाळ दिसत होतं, कुणाच्या मागं म्हैस. एकजण बराच वेळ बोलत होता आणि त्याचा आवाज कुणालाच येत नव्हता. संघप्रियानं प्रत्येकाला विचारलं की दिवसातली कोणती बिडी सोडायला सगळ्यात जड जाते. कुणी म्हणालं सकाळच्या चहानंतरची, कुणी म्हणालं संडासातली. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक चालवणारा सुरेंद्र, जो फौजेतही ड्रायव्हरच होता, म्हणाला, "मॅडम, स्टिअरिंग हातात आलं का सिगरेट आपोआप तोंडात येते. गिअर समजा."

लहानूची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सगळ्याच."

त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"जय हिंद, लहानूभाऊ. मी उमाजी भानारकर. तोफखान्यात होतो, नायक. आता आरमोरीकडं आमच्या गावच्या तलावात मासोया धरतो. संघप्रिया मॅडमनं तुमचं नाव देल्लं. वावरातून आले का?"

"आलो."

"मंग आता हात पाय धुवून तुमी सपरीत बसान, अन् हात खिशाकडं जाईन. बरोबर?"

लहानूचा हात खिशातच होता. त्यानं तो बाहेर काढला.

उमाजी वयानं त्याच्याहून पाच-सात वर्षं लहान, पण बोलण्यात पिकलेला. त्याला काय सांगायचं ते नेमकं माहीत असे. तो म्हणायचा, "तलफ म्हंजे मरळ आहे, भाऊ. गळाले लागली का पहिले जोरात ओढते. तेव्हा तुमी बी ओढली तं दोरी तुटते. ढिली सोडा. ओढू द्या तिले. थोड्या वेळानं दमते अन् आपोआप काठाशी येते." मग तो दुसरंच काहीतरी काढायचा. तलावात यंदा शिंगाडा किती माजलाय, बायको वच्छला बाजारात मासे विकताना गिऱ्हाइकाशी कशी भांडते, त्याच्या तोफांच्या बॅटरीतला एक सुभेदार झोपेत कवायतीचे हुकूम कसे देत असे. लहानू हूं हूं करत ऐके. फोन ठेवेपर्यंत रुखमानं जेवायला वाढलेलं असे, आणि एक बिडी टळलेली असे.

अशा टाळत टाळत फेब्रुवारी संपता संपता ती सुटली. लहानूनं शेवटचं बंडल नहराच्या पाण्यात टाकलं. ग्रुपवर त्यानं ते कळवलं नाही. उमाजीनंच कळवलं, आणि त्याखाली सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. पहिला महिना वाईट गेला. लहानू रुखमावर ओरडला, बैलावर ओरडला, एकदा विहारात वंदना चालू असताना पंख्यावर ओरडला. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. उमाजी म्हणाला, "वाढू द्या. घर झाडलं का धूर उडतेच." महिनाभरानं खोकला खरंच बसला. शेजारणीनं रुखमाला विचारलं, "भाऊ गावाले गेले का वो? सकाळी आवाज नाई येत."

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला. पहाटेच सगळं गाव जंगलात पानं तोडायला जाई आणि दुपारी घरोघरी पुडे बांधले जात. रुखमाही जायची, लहानू तिच्यासोबत जायचा, कारण त्या भागात वाघीण बच्च्यांसह फिरत होती आणि बायांना एकटं सोडणं बरं नव्हतं. ज्या पानाची बिडी होते ते पान दिवसभर हाताळायचं आणि ओढायची नाही, हे रुखमाला गमतीचं वाटे. "आपण तोडाव, अन् जगानं जाळाव," ती म्हणायची.

एका संध्याकाळी फळीवर, म्हणजे जिथं पुडे गोळा होतात त्या जागेवर, पुडे मोजून घेणाऱ्या मुनशीनं सवयीनं एक बिडी पुढं केली आणि लहानूनं सवयीनं घेतली. ओढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी उमाजीचा फोन आला तेव्हा त्यानं ते सांगून टाकलं. बोलणी बसतील अशी त्याची तयारी होती.

उमाजी म्हणाला, "सांगितलं ना? झालं तं मंग. जो सांगते तो सुटते, लहानूभाऊ. जो लपवते तो नाई सुटत." आणि त्या दिवशी त्यानं सुभेदाराची गोष्ट सांगितली नाही. फोन लवकर ठेवला.

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली आणि उमाजीचे फोन थांबले.

पहिले दोन दिवस लहानूला वाटलं, पावसानं टॉवर बंद असेल. मग त्यानं स्वतः लावून पाहिला; घंटी वाजत राहिली. रविवारी पडद्यावर उमाजीचा चौकोन नव्हता. सुरेंद्रनं विचारलं, "आमचे गुरुजी कुठी आहेत?" सुरेंद्रही उमाजीच्याच हातचा होता. त्याची सिगरेट होळीच्या आधी सुटली होती आणि तो ते ट्रकच्या क्लीनरपासून ढाब्यावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत फिरत असे. असे सहाजण उमाजीकडं होते. संघप्रिया म्हणाली, तिचाही फोन तो उचलत नाही.

लहानू मंगळवारी सकाळच्या बसनं निघाला. ब्रह्मपुरीला बस बदलली, आरमोरीला उतरून काळीपिवळीत बसला. उमाजीचं गाव तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी होतं. पोरांनी घर दाखवलं. अंगणात जाळं वाळत घातलेलं होतं, आणि दारात एक बाई मासळीची टोपली धूत होती. ती वच्छला असणार हे लहानूनं ओळखलं. तिनं मात्र त्याला वेगळंच कुणीतरी समजून टोपली खाली ठेवली.

"बिडी आणली असन तं इथूनच वापस जा," ती म्हणाली.

"मी बिडी नाई पेत, बाई. मी लहानू रामटेके. नागभीडकडचा."

वच्छलानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ती हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "तुमीच का ते लहानूभाऊ! तुमाले शिकवते न तो? या, या. पाहा तुमचा मास्तर."

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर उमाजी बसला होता. फोनवरच्या आवाजावरून लहानूनं आडव्या अंगाचा माणूस कल्पिला होता. हा काटकुळा निघाला. डावा पाय उशीवर ठेवलेला आणि घोट्यापर्यंत पट्टीत बांधलेला. पट्टी पुढच्या बाजूला जितकी रुंद असायला हवी तितकी नव्हती. त्याच्या हातात बिडी होती. लहानूला पाहिल्यावर ती लपवायची का टाकायची हे न कळून त्यानं ती तशीच धरून ठेवली, आणि राख चादरीवर पडली.

"बसा," तो म्हणाला.

लहानू बसला. वच्छलानंच सगळं सांगितलं, दारात उभं राहून. उन्हाळ्यात पायाला काटा लागला, जखम भरली नाही. अंगठा आधी निळा पडला, मग काळा. गडचिरोलीला नेलं. डॉक्टर म्हणाला, बिडीनं पायाच्या नसा बंद होत चालल्यात. आज अंगठा काढावा लागेल, बिडी नाही सुटली तर पुढच्या वेळी पाऊल. अंगठा अन् बाजूचं बोट काढलं. "दवाखान्यातून घरी आणला, अन् पहिले काय मागितलं? पाणी नाई मागितलं," वच्छला म्हणाली. "रोज पाहात होती मी. एका हातात फोन, एका हातात बिडी. लोकायले म्हणे, मरळ दमते. स्वतः मासोयीच्या पोटात जाऊन बसला." ती टोपली उचलून निघून गेली.

सपरीत धूर साचला होता. फळीवरच्या त्या बिडीनंतर पहिल्यांदाच तो वास इतक्या जवळून आला आणि लहानूच्या तोंडाला पाणी सुटलं. राग येण्याआधी तलफ आली, याचं त्याला नवल वाटलं. तो उठला आणि बाहेर पाळीवर गेला.

तलाव भरलेला होता. पलीकडच्या काठाला दोन डोंगे बांधलेले होते. लहानू उभा राहिला. माणसानं आपल्याला फसवलं, हे खरं होतं. रोज संध्याकाळी तो जे सांगत होता ते सांगताना त्याच्या तोंडात काय होतं, हे फोनमधून कळायला मार्ग नव्हता. फोनमधून वास येत नाही. मग आपली सुटली ती कशाच्या जोरावर सुटली, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्यापाठोपाठ लगेच, आत जाऊन एक मागून घ्यावी, असंही वाटलं. काय हरकत होती? मास्तरच पितो. लहानूनं दोरी ढिली सोडली. ओढू दिलं. पाण्यावर एक बगळा बराच वेळ न हलता उभा होता. तो उडाला तेव्हा तलफ गेली होती. उमाजीचा उपाय उमाजीच्याच दारात लागू पडला होता. राग मात्र तसाच होता. तो घेऊन लहानू परत आत आला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सुटली होती," उमाजी म्हणाला. "खोटं नाई सांगत. मागच्या वर्षी सुटली होती, दोन-अडीच महिने. मॅडमनं सगळ्यायसमोर नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या, म्हणे तुमी आता दुसऱ्यायले मदत करा. पहिला माणूस देल्ला. त्याच आठवड्यात माझा भाऊ वारला. मातीवरून आलो अन् ओढली. मंग कोणाले सांगाव? तो माणूस रोज संध्याकाळी वाट पाहून राह्यला होता. म्हटलं, उद्या सोडतो, मंग खरंच होईन आपलं बोलणं. तो सुटला. दुसरा देल्ला, तो बी सुटला. मीच राह्यलो."

"मी फळीवर ओढली तं मले काय म्हटलं होतं तुवं? जो लपवते तो नाई सुटत."

"हाव."

"ते मले म्हणून राह्यला होता का स्वतःले?"

उमाजीनं बिडी खाटेच्या पायाशी विझवली. मग म्हणाला, "त्या वक्ताले फोन केला नाई तं मले संध्याकाळ जात नाई, भाऊ. तुमी सहाजण बोलत होते तेवढाच वेळ मी बिनाबिडीचा... नाई, तेव्हा बी ओढत होतो. पण कमी."

लहानूला हसू आलं नसतं तर त्यानं कदाचित शिवी दिली असती. वच्छलानं भात आणि झिंग्याची भाजी वाढली. जेवून निघताना लहानू म्हणाला, "मॅडमले मी नाई सांगत. ते तू सांगशीन. फोन आता मी करीन. संध्याकाळी, त्याच वक्ताले."

"अन् मी नाई उचलला तं?"

"वच्छलाबाईचा नंबर घेतला आहे मी."

लहानू फोन करू लागला. त्याला बोलता येत नसे. हवा, धान, बैल यांवर दोन वाक्यं झाली की तो गप्प होई, आणि पलीकडं उमाजी गप्प. कधी कधी ते दोघं नुसते फोन कानाला लावून बसत. रुखमा विचारी, "लागला आहे का बंद आहे?" एकदा पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला. लहानू म्हणाला, "ऐकू आलं." उमाजीनं फोन कापला. दुसऱ्या दिवशी लहानूनं पुन्हा केला.

दोन रविवार उमाजी ग्रुपवर आला नाही. तिसऱ्या रविवारी त्याचा चौकोन उघडला, आणि त्यात चेहऱ्याऐवजी पाय होता. पट्टी सोडलेला. कुणाला काही समजायच्या आत उमाजीचा आवाज आला. त्यानं सगळं सांगितलं, कवायतीचा अहवाल द्यावा तसं. भाऊ वारल्याचं मात्र सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "तीन दिवस झाले नाई ओढली. त्याच्या आधी रोज ओढली. बस, इतकंच आहे."

कुणाच्या तरी मागं कोंबडा आरवला. संघप्रिया म्हणाली, "उमाजीकाका, तुम्ही शेअर केलं त्याबद्दल आपण सगळे..." आणि थांबली. तिलाच ते वाक्य चाललं नाही. मग वेगळ्या आवाजात म्हणाली, "घाई मी केली. अडीच महिन्यांच्या माणसावर दुसरा माणूस नव्हता टाकायचा. मले एक गुणी माणूस भेटला, म्हणून मी टाकत गेली."

तेवढ्यात सुरेंद्रचा आवाज फुटला. "म्हंजे सालं आपल्याले चुत्या बनवत होता काय रे? मी पोरीची शपथ घेतली तुझ्या भरवशावर!" तो आणखी बरंच बोलला, त्यातलं अर्धं ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं. मग त्याचा चौकोन नाहीसा झाला. थोड्या वेळानं ग्रुपवर ओळ उमटली, की सुरेंद्र ग्रुपमधून बाहेर पडले. त्याच्यासोबत वरोऱ्याचा एकजणही गेला. बाकीचे राहिले. लहानूला वाटलं होतं की सगळं मोडेल. तेवढं मोडलं नाही. म्हैसवाला म्हणाला, "पाय झाका आता, उमाजीभाऊ. माश्या बसतात."

सुरेंद्रनं त्याच आठवड्यात पुन्हा सिगरेट धरली, हे आलापल्लीच्या एका माजी सैनिकाकडून कळलं. संघप्रियानं त्याला फोन केले. त्यानं उचलले नाहीत.

उमाजीची बिडी एका दमात सुटली नाही. नवरात्रात दोनदा पुन्हा ओढली आणि दोन्हीदा त्याच संध्याकाळी सांगितलं. नखांचा निळेपणा हळूहळू ओसरला. डॉक्टरनं पाऊल राहील असं सांगितलं, पण तलावात उतरायचं नाही, हेही सांगितलं. जाळी आता पुतण्या टाकतो. उमाजी पाळीवर बसून मासे वेगळे करतो, आणि वच्छलाशी हिशेबावरून भांडतो. जोडीदार म्हणून त्याच्याकडं आता कुणाला सोपवलं जात नाही. संघप्रियानं आता नियम केला आहे की वर्ष झाल्याशिवाय कुणी कुणाचा जोडीदार होणार नाही, आणि जोडीदारालाही एक जोडीदार असेल.

लहानूनं धानकापणीनंतर पुन्हा त्या नळीत फुंकलं. आकडा फार सुधारला नव्हता. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, आहे ते टिकेल. लहानूला ते पुरेसं वाटलं. यंदा त्यानं भारे वाहिले नाहीत, बैलगाडीनं आणले.

उमाजी मात्र एक काम कुणी न सांगता करत होता. रोज संध्याकाळी लहानूचा फोन झाला की तो सुरेंद्रला फोन लावायचा. घंटी वाजून बंद व्हायची. मग तो आवाजी निरोप पाठवायचा: आज तलावात काय मिळालं, पाय कसा आहे, आज ओढली का नाही. उत्तर येत नसे.

डिसेंबरात लहानू आरमोरीला गेला होता तेव्हा ते दोघं पाळीवर उन्हात बसले होते. उमाजीचा फोन वाजला. सुरेंद्रचा निरोप होता, चांगला लांबलचक. उमाजीनं तो मोठ्यानं लावला. सुरेंद्र शिव्या देत होता. आईपासून सुरुवात करून तोफखान्यापर्यंत त्यानं कुणाला सोडलं नाही. रोज रोज मासोयीचे भाव ऐकवतो, जिवाला चैन पडू देत नाही, क्लीनर हसतो, ढाब्यावाला हसतो, असं बरंच काही होतं. मध्ये खोकल्याची मोठी उबळ आली, आणि मग पुन्हा शिव्या सुरू झाल्या. पाळीवरून जाणाऱ्या दोन बाया थबकल्या आणि पदर तोंडाला लावून पुढं गेल्या.

निरोप संपला.

"माझे निरोप ऐकते सगळे," उमाजी म्हणाला. "मासोयीचे भाव पाठ आहेत त्याले."

त्यानं हात पुसले आणि सुरेंद्रला फोन लावला. या वेळी तो उचलला गेला.